विल्यम केरी ह्यांच्या तरुणपणीची गावे

इ. स. 1805 साली बंगाल्यात श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यातून मराठी भाषेचे एक व्याकरण बाहेर पडले. त्याच साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत तेथेच छापले गेले. पुढे 1810 साली मराठी शब्दांचा कोश मोडी लिपीत निघाला, व 1811 साली सबंध नवा करार मराठी वाचकांच्या हाती आला. हे काम ज्यांनी केले त्या विल्यम केरी ह्यांनी महाराष्ट्राची भूमी कधी पाहिली नाही. ते कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत असत, आणि पंडित वैजनाथ शर्मा ह्यांच्या साह्याने त्यांनी आपली भाषा साध्य करून घेतली होती. म्हणून केरीसाहेबांचे नाव बंगाल्यातील मंडळ्यांस जितके जवळचे तितके आपणांस नसले, तरी ते परके खास नाही.

श्रीरामपूरची हकीगत पुष्कळांनी लिहिली आहे. परंतु बंगाल्यास येण्यापूर्वी हा मनुष्य बत्तीस वर्षांचा होऊन गेला होता, आणि ही बत्तीस वर्षे त्याने ज्या खेड्यापाड्यांत काढली त्यांची नावेही आपल्या मंडळ्यांत फारशी कोणास ठाऊक नाहीत. इंग्लंडच्या मध्यभागी नॉर्दम्प्टन नावाचे शहर आहे. जोडे करण्याच्या धंद्याविषयी त्याची मोठी ख्याती होती. ह्या शहराभोवती पंधरा मैलांच्या आत ही बहुतेक सर्व गावे येतात. चालण्याची सवय असलेल्या आपल्या एखाद्या उपदेशकास ती चारपाच दिवसांत पायीच पाहून होतील. आम्ही दगडविटांस पूज्य मानणारे नव्हे, आणि तेथे गेल्याने कोणास पुण्य लागते असेही नाही. तथापि मनुष्य कोणत्या मातीतून वर आला हे पाहिल्यावाचून त्याचे चरित्र अर्धेच कळते.

पहिले गाव पॉलर्सपरी. नॉर्दम्प्टनच्या दक्षिणेस, रोमी लोकांनी बांधलेल्या जुन्या हमरस्त्याजवळ हे वसलेले आहे. गावाच्या परीएंड नावाच्या वाडीत एडमंड केरी नावाचा विणकर राहत असे. त्याच्या घरी 17 ऑगस्ट 1761 रोजी विल्यमचा जन्म झाला. पाच मुलांत हा सर्वांत वडील. ते घर आता उभे नाही. त्या जागी एक स्मारक केलेले आहे, एवढेच. गावचे जुने देऊळ मात्र उभे आहे आणि त्यात उपासनाही होते. विल्यम सहा वर्षांचा असता त्याच्या बापास ह्या देवळाचा कारकून व गावच्या शाळेचा मास्तर नेमण्यात आले. तेव्हा माग सुटला आणि कुटुंब शाळेच्या घरात राहावयास गेले. विल्यमचा आजाही पूर्वी ह्याच शाळेचा मास्तर होता. घरात पैसा नव्हता, परंतु पुस्तकाचा तिरस्कारही नव्हता. पुष्कळ गरीब घरांत पहिली गोष्ट असते. दुसरी थोड्यांच्या नशिबी येते.

मुलास शिकविणारा खरा गुरू मात्र निराळाच होता. पीटर नावाचा त्याचा चुलता कानडा देशात शिपाईगिरी करून परत आला होता व माळीकाम करून पोट भरीत असे. त्यास मूलबाळ नव्हते. त्याने पुतण्यास झाडापाल्याची नावे शिकविली, आणि समुद्रापलीकडच्या अरण्यांच्या, नद्यांच्या व तेथील मूळ रहिवाशांच्या गोष्टी सांगितल्या. विल्यमची निजावयाची खोली किडे, पाखरे व वनस्पती ह्यांनी भरून गेली. सफरींची पुस्तके तो इतकी वाची की सोबतीची पोरे त्यास कोलंबस म्हणून चिडवीत. कुंपणाच्या कडेने उगवणारी बारीक पांढरी रानफुलेही त्याच्या ओळखीची झाली होती. त्यांपैकी एका फुलाची गोष्ट पुढे येईल.

त्याचा स्वभाव त्या वयात चांगला होता असे समजू नये. खोटे बोलणे, शपथा वाहणे, टवाळ सोबत्यांत बसणे हे दोष आपल्यात होते, असे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. चरित्रकार बहुधा असल्या गोष्टींवरून घाईने पुढे जातात. त्याने मात्र त्या झाकल्या नाहीत.

शेतकाम करून पोट भरावे असा बापाचा बेत होता. परंतु विल्यमच्या अंगास एक त्वचारोग जडला होता, आणि ऊन लागले म्हणजे त्यास असह्य वेदना होत. काही काळ शेतात घालवून तो बेत सोडावा लागला. तेव्हा छपराखाली बसून करावयाचा धंदा पाहिजे, म्हणून चौदाव्या वर्षी त्यास पिडिंग्टन गावी क्लार्क निकल्स नावाच्या जोडे करणाऱ्याकडे उमेदवार म्हणून ठेविले. येथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात धरावी. इंग्लंडात हा धंदा जन्माने कोणाच्या कपाळी लिहिलेला नव्हता. विणकराचा मुलगा करार करून तो शिकू शकत होता, आणि शिकल्याने त्यास कोणी विटाळ मानीत नसे. तरीपण तो हलका मात्र समजला जाई. पुढे कलकत्त्यास बड्या लोकांच्या मेजवानीत एका अधिकाऱ्याने, केरीसाहेब ऐकतील अशा आवाजात, हे पूर्वी जोडे करीत होते काय, असे कोणास विचारले. त्यावर केरीसाहेबांनी आपण होऊन सांगितले की तेवढीही आपली योग्यता नव्हती. आपण केवळ फाटके जोडे सांधणारे होतो. ज्यांना आपल्या पूर्वीच्या कामावरून पाटलाच्या ओसरीवर टोमणे ऐकावे लागले आहेत, त्यांस ही गोष्ट अधिक समजावून सांगावयास नको.

पिडिंग्टन व त्याच्या शेजारचे हॅकलटन ही दोन खेडी इतकी जवळ आहेत की एका गावी घंटा वाजली तर दुसऱ्या गावी ऐकू यावी. केरीच्या आयुष्यातील मोठ्या घडामोडी ह्या अर्ध्या कोसात घडल्या. निकल्सच्या दुकानात थोडी पुस्तके होती. त्यांपैकी नव्या करारावरील एका टीकेत विल्यमास अनोळखी अक्षरांत छापलेले शब्द दिसले. तो ते जसेच्या तसे कागदावर उतरून घेई, आणि घरी पॉलर्सपरीस गेला म्हणजे टॉम जोन्स नावाच्या एका विणकरास नेऊन दाखवी. ह्या विणकरास पूर्वी बरे शिक्षण मिळालेले होते, म्हणून ते ग्रीक आहे हे त्याने ओळखले व त्यांचा अर्थ सांगितला. नव्या कराराच्या मूळ भाषेचे पहिले धडे केरीस मिळाले ते असे.

त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा कारागीर होता. तो राजमान्य इंग्लिश मंडळीपासून वेगळ्या झालेल्या लोकांपैकी होता. विल्यम तर देवळाच्या कारकुनाचा मुलगा. अशा लोकांस तो तुच्छ मानी. आरी व रापी चालविता चालविता दोघांचे वाद होत, आणि वादात शेवटचा शब्द विल्यमचाच असे. पण शब्दाने जिंकूनही आपण आत हरत आहो, हे त्यास कळू लागले होते. इतक्यात एक लहानशी गोष्ट घडली. नाताळाच्या दिवसांत उमेदवार मुलांनी गिऱ्हाइकांकडून व व्यापाऱ्यांकडून पोस्त मागण्याची तेथे चाल होती. एका लोखंडी सामान विकणाऱ्याने विल्यमास एक शिलिंग दिला. शहरात धन्याची व आपली खरेदी करतेवेळी तो खोटा आहे असे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा त्याने तो खोटा शिलिंग धन्याच्या पैशांत घातला, आणि तेथला खरा शिलिंग आपल्या खर्चाकडे लाविला. परतताना वाटेने त्याने देवाची प्रार्थना केली: एवढे खोटे निभावून जावे, मग पुन्हा असे करणार नाही! धन्याने चौकशी केली आणि सर्व उघडकीस आले. लाजेने त्या मुलास रस्त्यात तोंड दाखवेना, देवळातही जाववेना. वॉरच्या पुष्कळ युक्तिवादांनी जे झाले नव्हते, ते ह्या एका शिलिंगाने केले. आपण चांगले आहो ही त्याची समजूत मोडली, आणि तारणाऱ्याची गरज त्यास प्रथमच स्वतःची म्हणून वाटली.

10 फेब्रुवारी 1779 हा दिवस राजाने उपास व प्रार्थना ह्यांकरिता नेमिला होता, कारण अमेरिकेतील युद्ध इंग्लंडास जड जात होते. त्या दिवशी विल्यम हॅकलटन येथे वेगळ्या मंडळीच्या प्रार्थनासभेस गेला. तेथे इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील तेराव्या ओवीवर बोध झाला. त्या ओवीत ख्रिस्ताची निंदा सोशीत छावणीबाहेर त्याच्याकडे जाण्याविषयी सांगितले आहे. सतरा वर्षांच्या त्या मुलाने तो बोध आपणाविषयीच आहे असे मानिले, आणि बापाची मंडळी सोडून तो त्या लहानशा कळपात मिळाला. हॅकलटनची मंडळी 1781 साली रीतसर स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत त्याचे नाव आहे, आणि तेथे आजही केरीच्या नावाचे उपासनामंदिर आहे.

आता पिडिंग्टनच्या देवळात जावे. 10 जून 1781 रोजी विल्यम केरी व डॉरथी प्लॅकेट ह्यांचा विवाह येथे झाला. तो अजून विशीतही पोचला नव्हता. ती पंचविशीत होती. लग्नाच्या नोंदवहीत विल्यमने आपले नाव लिहिले आहे. डॉरथीस लिहिता येत नव्हते, म्हणून तिने आपली खूण म्हणून एक फुली केली आहे. आपल्या मंडळ्यांतील किती बहिणींनी नोंदवहीत अशाच फुल्या व अंगठे उमटविले आहेत! केरीच्या चरित्रात ही फुली फारच थोडी जागा घेते. तिला ह्याहून अधिक मिळावयास पाहिजे असे आम्हांस वाटते.

ती वर्षे हालाची होती. निकल्स मेला तेव्हा विल्यम हॅकलटनात थॉमस ओल्ड नावाच्या जोडे करणाऱ्याकडे काम करू लागला. काही वर्षांनी ओल्डही वारला, व त्याच्या धंद्याबरोबर त्याच्या विधवेचा व मुलांचा भार विल्यमच्या खांद्यावर आला. पहिली मुलगी ॲन दोन वर्षांची झाली आणि तापाने गेली. त्याच तापात बापाचे केस झडले ते पुन्हा आले नाहीत. दूर असलेल्या धाकट्या भावाने आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसे पाठविले, पॉलर्सपरीच्या शेजाऱ्यांनी वर्गणी केली, आणि त्यातून पिडिंग्टनात एक लहान घर मिळाले. ह्याच दिवसांत तो अर्ल्स बार्टन गावच्या मंडळीस बोध करावयास पायी जात असे. ते लोक इतके गरीब होते की त्यांच्या सेवेत झिजलेल्या कपड्यांचा खर्चही त्यांच्याने भरून देववत नसे. तो साडेतीन वर्षे जात राहिला.

5 ऑक्टोबर 1783 रोजी पहाटे नॉर्दम्प्टन येथे नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा देणारे पाळक धाकटे जॉन रायलंड ह्यांस त्या दिवशी तो एक गरीब जोडे करणारा मजूर, याहून अधिक काही वाटला नाही, व तसे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. नदीकाठी फार माणसे नव्हती. आज तेथे शहर वाढले आहे आणि नदीही माणसाच्या हाताखाली आली आहे. परंतु ती वाहते आहे.

येथून पुढे त्यांस केरीसाहेब म्हटले पाहिजे, तरी त्या मानास ते अजून पोचले नव्हते. ओल्नी नावाच्या शेजारच्या कसब्यात जॉन सटक्लिफ हे पाळक होते. त्यांच्या मंडळीत केरीसाहेब सभासद झाले. 1785 साली त्या मंडळीने त्यांचा उपदेश ऐकला, तो उपदेशकाचे काम करण्याची त्यांस मोकळीक द्यावी की नाही हे ठरविण्याकरिता. ऐकल्यावर तिचे समाधान झाले नाही. आणखी काही काळ पारख करावी असे ठरले, आणि 10 ऑगस्ट 1786 रोजी म्हणजे सुमारे वर्षाने मान्यता मिळाली. पहिल्या परीक्षेत मागे राहिलेल्या तरुण उपदेशकांनी हे मनात ठेवावे, व त्यांची परीक्षा घेणाऱ्या वडील बंधूंनीही ठेवावे.

नॉर्दम्प्टनच्या ईशान्येस मोल्टन गाव आहे. केरीसाहेब 1785 साली तेथे आले व चार वर्षे राहिले. पाहण्याजोगे स्थळ म्हणाल तर हेच. उपासनामंदिराला लागून असलेले त्यांचे लहान घर जतन करून ठेविलेले आहे, आणि त्या वेळचा मोच्याचा संसार कसा असे हे तेथे गेल्यास समजते. खोल्या बुटक्या आहेत. एकाच छपराखाली संसार, दुकान, शाळा आणि अभ्यास हे सर्व चालले होते. मंडळी त्यांस वर्षास दहा-अकरा पौंड देई, व लंडनातील एका धर्मादाय निधीतून पाच पौंड मिळत. एवढ्यात कुटुंब चालणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी शाळा काढली. पण पूर्वीचा मास्तर गावात परत आला आणि पोरे त्याच्याकडे गेली. मुलांस वळण लावणे केरीसाहेबांस कधी साधलेच नाही. मुलेच मास्तरांवर राज्य करीत. तेव्हा पुन्हा आरी हाती धरली. ते पंधरवड्यास वगैरे जोड्यांची थैली पाठीवर घेऊन शहरास पोचवीत व येताना चामडे घेऊन येत.

भिंतीवर त्यांनी कागदाचे तुकडे चिकटवून जगाचा एक मोठा नकाशा टांगला होता. प्रत्येक देशाच्या जागी तेथील लोकसंख्या, धर्म व चालीरीती ह्यांविषयी मिळाली ती माहिती हाताने लिहिलेली असे. कॅप्टन कुक ह्याच्या सफरींचे पुस्तक त्यांनी वाचले होते. दक्षिण समुद्रातील बेटांवरच्या लोकांस शुभवर्तमान कोणी सांगितले नाही, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. शाळेत भूगोल शिकवितानाही त्यांचे डोळे भरून येत असे सांगतात. केटरिंगचे पाळक अँड्र्यू फुलर ह्यांनी हा नकाशा पाहिला होता. त्याच केटरिंगातील टॉमस गॉच नावाचे व्यापारी केरीसाहेबांकडून जोडे विकत घेत. त्यांनी एकदा विचार केला की ह्या मनुष्याने जोडे करण्यापेक्षा भाषा शिकणे बरे. आणि आठवड्यास दहा शिलिंग ते आपल्या खिशातून देऊ लागले. मिशनच्या इतिहासात गॉचसाहेबांचे नाव एका ओळीत येऊन जाते. त्यांचे ते शिलिंग नसते तर लातिन, ग्रीक व हिब्रू ह्यांच्या अभ्यासास केरीसाहेबांजवळ वेळ कोठून आला असता, हे आम्हांस सांगता येत नाही.

ज्या उपासनामंदिरात ते मोल्टनास बोध करीत ते पुढे पुष्कळ बदलले, तरी मंडळी त्याच जागी भरते. 1787 साली त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. त्याच साली डॉरथीबाईंचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातून झाला. मोल्टनच्या दिवसांतच, पाळकांच्या एका सभेत, परराष्ट्रीयांस शिष्य करण्याची ख्रिस्ताची आज्ञा आजच्या पाळकांसही लागू नाही काय, असा प्रश्न त्यांनी चर्चेस सुचविला. तेव्हा थोरल्या रायलंडांनी त्यांस दरडावून खाली बसविले असे सर्वत्र सांगण्यात येते. त्यांचे पुत्र धाकटे रायलंड ह्यांस मात्र ही गोष्ट खरी वाटत नव्हती. आम्हीही ती सांगताना हात आखडता घेतो.

1789 साली केरीसाहेब लेस्टर शहरी हार्वे लेनच्या मंडळीचे पाळक झाले. हे शहर नॉर्दम्प्टनपासून दूर, उत्तरेस आहे. मंडळीत कलह माजला होता. कराराने पुन्हा बांधणी करण्यासाठी त्यांनी ती विसर्जन करून नव्याने उभारली. जुने उपासनामंदिर राहिले नाही. त्यांचे घर पुष्कळ दिवस जतन केलेले होते, तेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्याकरिता पाडण्यात आले. त्यामुळे लेस्टरात पाहण्याजोगे असे थोडे उरले आहे. परंतु त्यांचे ते प्रसिद्ध लहान पुस्तक 1792 साली ह्याच शहरी छापले गेले. अख्रिस्ती लोकांच्या तारणाकरिता उपाय योजणे हे ख्रिस्ती लोकांचे कर्तव्य आहे की नाही, ह्याची त्यात 87 पृष्ठांत चौकशी केलेली आहे. मोल्टनच्या भिंतीवरील नकाशाच जणू त्यात कोष्टकांच्या रूपाने उतरला आहे: देश, त्याची लांबीरुंदी, लोकसंख्या, धर्म. असल्या विषयावर भावनेचे कढ आणणारे पुष्कळ लिहितात. ह्या मोच्याने आकडे मांडले.

त्याच वर्षी मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे पाळकांच्या सभेपुढे त्यांनी यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायावरून, तंबूची जागा विस्तृत करण्याविषयी उपदेश केला. ऐकणारे हेलावले, पण दुसरे दिवशी नेहमीप्रमाणे काही न ठरविता उठू लागले. केरीसाहेबांनी फुलर ह्यांस कळवळून विचारले की पुन्हा काहीच न करता घरी जावयाचे काय. तेव्हा पुढील सभेपूर्वी मिशनसंस्थेची योजना तयार करावी असा ठराव झाला.

केटरिंगातील ते घर अजून उभे आहे. ते श्रीमती वॉलिस नावाच्या एका विधवाबाईंचे होते. 2 ऑक्टोबर 1792 रोजी त्याच्या मागल्या लहान दिवाणखान्यात चौदा जण बसले. त्यांच्यात मोठ्या शहराचा नावाजलेला पुरुष कोणी नव्हता. बहुतेक खेड्यांचे व कसब्यांचे पाळकच होते. फुलर ह्यांची तपकिरीची डबी फिरविण्यात आली, आणि कागदाच्या तुकड्यांवर वर्गणीची वचने तिच्यात पडली. एकंदर रक्कम 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स. सबंध जगाकरिता! केरीसाहेबांजवळ देण्यास रोकड नव्हती. आपल्या पुस्तकातून काही नफा झाला तर तो देऊ असे त्यांनी कळविले म्हणतात. पुढे तीन-चार महिन्यांत, आपण स्वतःच जाऊ, असेही त्यांनी सांगितले.

ही बातमी पॉलर्सपरीस पोचली तेव्हा म्हाताऱ्या एडमंडास मुलाचे डोके फिरले की काय असे वाटले. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही. एडमंड 1816 साली मरण पावला.

आता यात्रेकरूने पुन्हा पिडिंग्टनास परत आले पाहिजे. डॉरथीबाईंनी हिंदुस्थानास येण्यास साफ नकार दिला. त्या गरोदर होत्या, आणि पदरी तीन मुलगे होते. समुद्राचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते, व फ्रान्साशी युद्ध सुरू झाले होते. केरीसाहेब त्यांस माहेरच्या गावी पिडिंग्टनात ठेवून, थोरल्या फेलिक्सास घेऊन, डॉक्टर जॉन टॉमस ह्यांच्यासह निघाले. परंतु ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना त्यांजपाशी नव्हता आणि टॉमस ह्यांचे सावकार मागे लागले होते. म्हणून जहाजाच्या कप्तानाने त्यांस इंग्लंडच्या किनाऱ्यावरच उतरविले. ह्या नामुष्कीनंतर दोघे पिडिंग्टनास आले. बाळंतीण होऊन बाईंस फार तर तीन आठवडे झाले होते. पती पुन्हा विनवणी करू लागले, बाई पुन्हा नाही म्हणाल्या, आणि ते दोघे वाटेस लागले. मग टॉमस एकटेच माघारी आले. तुम्ही न आलात तर हा वियोग जन्मभर तुम्हांस जाळील, अशा अर्थाचे त्यांनी बाईंस सांगितले. तेव्हा बहीण किटी बरोबर येत असेल तर येते असे डॉरथीबाई म्हणाल्या. सामान विकले, गुंडाळले, आणि एका दिवसात घर सोडले. 13 जून 1793 रोजी डोव्हरजवळून डेन्मार्कचे एक जहाज त्यांस घेऊन निघाले व नोव्हेंबरात बंगाल्यास पोचले.

पुढच्या वर्षी त्यांचा पीटर नावाचा पाच वर्षांचा मुलगा मदनाबाटी येथे रक्तीने मेला. त्यानंतर लवकरच डॉरथीबाईंचे मन बिघडले. मग सुमारे बारा वर्षे त्या त्याच अवस्थेत होत्या. बराच काळ त्यांस कोंडून ठेवावे लागे, आणि शेजारच्या खोलीत केरीसाहेब भाषांतराचे काम करीत असत. 8 डिसेंबर 1807 रोजी त्या श्रीरामपुरास वारल्या. आपले पहिले मराठी शुभवर्तमान व व्याकरण त्याच घरातून, त्याच वर्षांत निघाले. केरीसाहेबांनी त्यांस टाकून दिले नाही, हे खरे. पण त्या जुन्या चरित्रकारांपैकी काहींनी ह्या बाईस पतीच्या मार्गातील अडसर ठरविले आहे, ते आम्हांस न्यायाचे वाटत नाही. पतीस पाचारण झाले होते, असे तेच म्हणतात. बाईस काय झाले होते हे त्यांनी कधी विचारिले नाही. थोड्या वेळाच्या विचाराने तिने आपला देश, भाषा आणि गोत सोडले, आणि त्यातले काहीही तिला परत मिळाले नाही. पिडिंग्टनच्या नोंदवहीतील ती फुली पाहताना हे आठवते.

केरीसाहेबही कधी इंग्लंडास परतले नाहीत. एकेचाळीस वर्षे बंगाल्यात काढून 9 जून 1834 रोजी ते श्रीरामपुरास निजले. तेथे त्यांनी मोठी बाग केली होती; चुलत्याने लाविलेली गोडी जन्मभर टिकली. इंग्लंडातील मित्र त्यांस बियाणे व रोपे पाठवीत. देश सोडून पंचवीसतीस वर्षे झाल्यावर एकदा बियाण्याची अशीच एक थैली आली. बी काढून घेतल्यावर तळाशी राहिलेली माती त्यांनी एका सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे काही उगवलेले दिसले. जवळ जाऊन पाहतात तो इंग्लंडच्या कुंपणाकाठचे ते बारीक पांढरे फूल, डेझी! त्यांनी मित्रास लिहून कळविले की देश सोडल्यापासून एवढा साधा व गोड आनंद आपणांस कशानेही झाला नव्हता. बंगाल्याच्या उन्हात ते झाड वर्षाअखेर टिकत नसे. म्हणून ते दर वर्षी त्याचे बी धरून ठेवीत, आणि हंगाम आला की पुन्हा पेरीत.